मोठ्या घरी दिलेलं गाणं

मैत्रिणींनो, आज कुरडयांबद्दल लिहायचं ठरलं होतं. गहू भिजतही घातले होते. पण गेले पंधरा दिवस आमच्या आळीत एकच विषय चालला आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही चित्त त्यातच अडकलं आहे. तेव्हा कुरडया पुढच्या खेपेला. आज थोडं गाण्याबद्दल.

गाण्यातलं तुम्हांला काय कळतं, असं कुणी विचारील. फारसं कळत नाही. बी. ए. ला माझा विषय मराठी, आणि मंचरच्या एका शाळेत आठवड्यातून चार दिवस मी तोच शिकवते. बाकी वेळ घर. पण आमच्या आळीत बायकांचं एक भजनी मंडळ आहे. आम्ही अकरा जणी. दर एकादशीला कुणाच्या तरी ओसरीवर बसतो. टाळ, एक पखवाज, आणि सगळ्यांत मोठ्या आत्याबाई. त्या सगळ्या आळीच्याच आत्याबाई. वय चौऱ्याहत्तर. भजन संपलं, की आम्ही त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावतो. आवाज आता चिरका झालाय, मधेच दम लागतो. पण ओवीत त्यांची आई येते, भाऊ येतो, मंचरचा बाजार येतो, भीमाशंकरची वाट येते, आणि ऐकता ऐकता आमच्यातली एखादी हळूच पदर डोळ्यांना लावते.

नवरात्रात कुणाच्या तरी भाच्याने हे मोबाईलवर टिपून घेतलं आणि चार जणांना पाठवलं. चाराचे चाळीस झाले. मग एक दिवस गाणी काढणाऱ्या एका कंपनीच्या माणसाचा मुंबईहून फोन आला. त्यांना आठ ओव्या हव्या होत्या. चांगला वाद्यवृंद लावू, म्हणाले. मंडळाचं नाव देऊ. रक्कमही सांगितली. आमच्या दृष्टीने ती लहान नव्हती. फक्त दोन गोष्टी कराव्या लागतील. गावांची आणि माणसांची नावं काढून ‘सगळ्यांना कळतील’ असे शब्द घालायचे, आणि मुख्य आवाज एका शिकलेल्या तरुण गायिकेचा घ्यायचा. आत्याबाई कोरसमध्ये राहतील.

फोन मी घेतला होता. मंडळात पुण्यामुंबईच्या माणसांशी बोलायचं म्हणजे मीच! मी म्हटलं, “हो हो, काही अडचण नाही.” फोन ठेवला आणि शिरा करायला घेतला. आमचे हे संध्याकाळी आले, शिरा खाल्ला, सगळं ऐकून घेतलं आणि हात धुता धुता एवढंच म्हणाले, “आत्याबाईंना विचारलंस का?”

विचारलं नव्हतं, बाई. मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्या रात्री भांडी घासताना मला आठवण झाली ती अजय-अतुल यांची. का, ते सांगते.

हे दोघे गोगावले बंधू आज सगळ्या देशाला माहीत आहेत. पण आपल्याकडच्या बायकांना त्यांचं जरा जास्त कौतुक. कारण वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्या. आणि या मुलांचं लहानपण गेलं ते जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा आपल्याच गावांतून. संगीताचं रीतसर शिक्षण दोघांनी कुठे घेतलेलं नाही. देवळातलं भजन, लग्नाच्या वरातीतला बँड, पोवाडा, जत्रेतली ढोलकी हे जे तुमच्या-माझ्या कानांवर पडलं, तेच त्यांच्याही पडलं. आमच्या कानांतून ते निघून गेलं, त्यांच्या कानांत राहिलं, एवढाच फरक! सुरुवातीलाच टाइम्स म्युझिकसारख्या मोठ्या कंपनीने त्यांचा ‘विश्वविनायक’ हा गणपतीच्या स्तोत्रांचा संच काढला. त्यात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन गायले. पुढे २००९ साली ‘जोगवा’ आला आणि त्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘जीव रंगला’ या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही मिळाला.

मग १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. माझं माहेर नारायणगावचं. विठाबाईंच्या नारायणगावचं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. पण पाहिलेलं लांबून. घरातल्या मुलींनी त्या बाजूला फिरकायचं नाही, असा दंडक. ‘नटरंग’ मात्र आई, मावशी, मी, सगळ्या मिळून तालुक्याच्या थिएटरात बघायला गेलो. मावशी परतताना म्हणाली, “आयुष्यभर ज्या ढोलकीला नावं ठेवली, तिला आज तिकीट काढून ऐकलं गं.” बेला शेंडे यांच्या आवाजातली ‘अप्सरा आली’ त्यानंतर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही वाजू लागली. शेजारचे एक म्हातारे ढोलकीवाले मात्र खूष नव्हते. “वाजवलीय झकास,” म्हणाले, “पण फार धुऊन-पुसून घेतलीय.” तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. करमाळ्याकडचा दिग्दर्शक, नवखी मुलं, आणि गाणी अवघी चार. त्या गाण्यांसाठी अजय-अतुल गेले कुठे, तर थेट अमेरिकेत! लॉस एंजेलिसच्या सोनीच्या स्टुडिओत तिथल्या वादकांचा मोठा ताफा बसवून व्हायोलिनं वाजवून घेतली. आता बघा, कागदावर वाचलं तर वाटावं, झालं, आपलं गाणं साहेबाच्या घरी गेलं, संपलं. पण झालं उलटंच. ‘याड लागलं’ ऐकताना ती सगळी विलायती व्हायोलिनं जणू विहिरीच्या काठाशी येऊन उभी राहतात. बोली करमाळ्याची ती तशीच राहिली. आवाज अजय यांचाच रांगडा राहिला. ‘सैराट झालं जी’ मधला तो ‘जी’ आपल्या पोवाड्या-लावणीतला आहे, तो कुणी खोडला नाही. लोक ‘झिंगाट’ लागलं की पडद्यासमोर जाऊन नाचत. गावोगावी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा गल्ला करणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला.

मग दोन वर्षांनी, २० जुलै २०१८ ला, त्याच कथेचा हिंदी अवतार आला, ‘धडक’. करण जोहर यांची धर्मा प्रॉडक्शन्स, मोठे पैसे, मोठ्या घरची मुलं, करमाळ्याऐवजी उदयपूर. संगीतकार तेच. ‘झिंगाट’ची चालही तीच, गायलं त्याच दोघांनी. ‘याड लागलं’च्या चालीवर ‘पहली बार’ झालं. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. आणि टीका केवढी झाली! समीक्षकांनी लिहिलं की चित्रपट चकचकीत झालाय, पण ‘सैराट’मधलं जातीचं धगधगतं दुखणं त्यात बोथट झालं. आपल्या मराठी माणसांनी तर हिंदी ‘झिंगाट’वर इतकं तोंडसुख घेतलं, की विचारू नका. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, “पैशाला भुलले.” मीही मान डोलावली होती.

आता त्या मान डोलावण्याची मला लाज वाटते. कारण मंडळाच्या बाबतीत मी काय केलं? फोनवर एका वाक्यात सगळं देऊन मोकळी झाले!

म्हणून यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलांना ‘झिंगाट’ हवं होतं, तेव्हा मी दोन्ही गाणी वर्गात लावली. आधी मराठी, मग हिंदी. म्हटलं, काय फरक वाटतो ते सांगा. एक-दोघांनी “हिंदी भारी” म्हटलं. एकाने “मराठी फास्ट” म्हटलं (तसं काही नाही, ठेका तोच आहे). मग मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, हिंदीतलं ऐकून पण नाचावंसं वाटतंय. पण कुणाची वरात आहे ते कळत नाही.”

मी त्या पोरीकडे बघतच राहिले. पेपरातल्या चार-चार रकान्यांत जे लिहून येतं, ते तिने एका दमात सांगितलं.

बघा, चाल तीच, माणसं तीच, कष्टही कमी नाहीत. तरी पहिल्यात गाव आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे दोष मोठ्या घराचा नव्हे. ‘सैराट’ही काही चंद्रमौळी झोपडीत झाला नव्हता, त्यामागेही झी होतं आणि अमेरिकेचा खर्च होता. लेक श्रीमंताघरी दिली म्हणून बिघडत नाही. तिथे तिचं नाव बदललं, बोलणं बदललं, माहेरचं नाव काढायची चोरी झाली, तर मात्र ती आपल्याला ओळखू येईनाशी होते.

याआधीही एकदा असं झालं होतं. ‘जत्रा’ चित्रपटातली ‘कोंबडी पळाली’ आठवते ना? आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांची. २०१२ च्या जानेवारीत ती ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन गेली आणि देशभर नाचली. आपल्या नारायणगावचा टोमॅटो दिल्लीला गेला, की तिथे कुणी त्याचं गाव विचारतं का? तसंच. पण त्याच ‘अग्निपथ’मध्ये ‘देवा श्री गणेशा’ही आहे आणि सोनू निगम यांच्या आवाजातलं ‘अभी मुझ में कहीं’ही आहे. ती गाणी मोठ्या घरासाठी म्हणूनच केलेली, कुणाची उसनवारी नव्हे. आणि आजही माझ्या सासूबाई ते दुसरं गाणं लागलं की भाजी निवडायच्या थांबतात. तेव्हा मोठ्या घरी गेलं की कला मेलीच, असं म्हणणाऱ्यांचं मी आता ऐकून घेत नाही.

आणखी एक. आपण मराठी माणसं आपल्या मुलांवर जरा अन्यायच करतो. गावात राहिला तर “याला काही जमलं नाही,” आणि पुण्यामुंबईला जाऊन मोठा झाला तर “बिघडला.” पहिल्या बाळंतपणाचं कौतुक दुसऱ्याला होत नाही, हे आपल्याला घरात ठाऊक असतं. लखनौच्या मुलीने ‘सैराट’ पाहिलेलाच नव्हता. तिच्यासाठी ‘धडक’चं गाणं हेच पहिलं. ती आनंदाने नाचली, तर तिचं काय चुकलं?

पैशाचंही तसंच. पैशाला नाक मुरडणं सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याच्या. आमच्या नारायणगावच्या विठाबाईंचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रपती पदकाचा मान मिळालेली बाई. १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी जवानांपुढे जाऊन कला सादर केलेली बाई. पण अखेरचे दिवस हलाखीत गेले, औषधपाण्यासाठी लोकांनी मदत गोळा करावी लागली. २००२ साली त्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. माहेरी त्या रस्त्याने जाताना मला नेहमी वाटतं, टाळ्या होत्या, हिशेब नव्हता. तेव्हा ‘कलेसाठी कला’ हे आम्ही अकरा जणींनीही तोंडाने म्हणू नये. आमच्यातल्या एका वहिनींना शिलाई मशीन घ्यायचंय. एकीच्या मुलाची फी राहिलीय. त्या पैशांत त्यांचा वाटा आहे.

अशी सगळी उलटसुलट मनात घेऊन मी शेवटी आत्याबाईंकडे गेले. जाताना शिरा नव्हता नेला! खाली मान घालून सगळं सांगितलं. आधी मीच हो म्हणून बसले, तेही सांगितलं.

आत्याबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत. म्हणाल्या, “माझा आवाज फुटलाय, ते मला ठाऊक न्हाई का? गाऊ दे की त्या पोरीला. गोड गाईल. पण माझ्या आईचं नाव वगळायचं न्हाई. ती मला सहा वर्षांची ठेवून गेली. तिचा फोटो न्हाई, काही न्हाई. ती आहे ती त्या ओवीत आहे.”

मैत्रिणींनो, मी तिथे काय बोलणार? मीही दोन शेंगा फोडल्या आणि घरी आले.

आमच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंनी मग मला हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांच्या कामाबद्दल सांगितलं. या दोघांनी पुणे जिल्ह्यात आणि इतरत्र खेडोपाडी हिंडून, बायकांनी जात्यावर म्हटलेल्या लाखाहून जास्त ओव्या सहकाऱ्यांच्या मदतीने जमवल्या. ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आता ‘पारी’ या संस्थेतर्फे २०१७ पासून त्या लोकांपुढे येत आहेत. म्हणजे नाव-गाव ठेवूनही ओवी सातासमुद्रापार जाऊ शकते. ‘लोकांना कळणार नाही’ ही सबब काही खरी नव्हे. लॉस एंजेलिसच्या व्हायोलिनवाल्याला तरी करमाळ्याची बोली कुठे कळत होती?

मग पुढच्या एकादशीला आम्ही भजनाआधी बसलो आणि ठरवलं. चांगलीच वादावादी झाली. मशीनवाल्या वहिनींचं म्हणणं, अटी घातल्या तर तो माणूस हातचा जाईल. त्यांचं चूक नव्हतं. पण शेवटी चार गोष्टी एकमताने कागदावर लिहिल्या. तुमच्याही गावात असा प्रसंग येईल, गाण्याचा नाही तर मसाल्याचा, गोधडीचा, लोणच्याचा येईल. म्हणून त्या इथे देते.

पहिली, ओवीतली माणसांची आणि गावांची नावं राहतील. वाद्यं काय लावायची ती त्यांनी लावावीत, अगदी अमेरिकेची लावावीत. दुसरी, गायिका खुशाल गाऊ दे, पण प्रत्येक ओवीची सुरुवात आत्याबाईंच्या आवाजात होईल, आणि नाव ‘कोरस’ म्हणून नाही, तर पूर्ण नाव छापलं जाईल. तिसरी, एकदा रक्कम घेतली म्हणून ओव्या त्यांच्या झाल्या असं नाही. मंडळाला आणि गावातल्या कुणालाही त्या केव्हाही, कुठेही म्हणता येतील, आणि हे कागदावर मराठीत लिहून हवं. चौथी आमची आपसातली. पैशांचे अकरा सारखे वाटे. झांजवाल्या काकू म्हणत होत्या, मला अर्धाच द्या, मी काय गाते! आम्ही ऐकलं नाही.

कागद कुणा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे आमच्या ह्यांनी सुचवलं. तेवढं श्रेय त्यांना देते. नाहीतर म्हणतील, शिरा माझा आणि नाव मंडळाचं.

मी मुंबईला फोन केला. या वेळी आत्याबाईंना शेजारी बसवून केला. त्या गृहस्थांनी पहिली अट मान्य केली, जरा कुरकुरत. नाव छापायलाही तयार झाले. आवाजाचं आणि तिसऱ्या अटीचं मात्र ‘वर विचारून कळवतो’ म्हणाले. त्याला आज नऊ दिवस झाले. मशीनवाल्या वहिनी माझ्याशी जरा कमीच बोलतात. कदाचित फोन येईल, कदाचित नाही. मला दोन्हींची धाकधूक आहे.

काल एकादशी होती. भजन झालं आणि कुणी न सांगता आत्याबाईंनी ओवी धरली. आईचं नाव आलं तिथे त्यांचा दम तुटला, तो आम्ही दहा जणींनी उचलला. मशीनवाल्या वहिनींचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता.

मुंबईचं काय होतं ते यथावकाश कळवीनच. पुढच्या आठवड्यात मात्र नक्की कुरडया. चीक आंबू नये म्हणून काय करावं, ते माझ्या सासूबाईंनी सांगितलंय. आणि हो, त्या लेखात त्यांचं नाव घालायचं, असं त्यांनी बजावून ठेवलंय!